झाडावर लिहिलेले साल

परदेशप्रवास ठरला की जैन घरात व्हिसाच्या आधी डब्याचा विचार सुरू होतो. हळदीच्या व्यापारात तीन पिढ्या घालवलेले सांगलीकडील एक कुटुंब जूनच्या आरंभी पोर्तुगालला निघाले, तेव्हाही तसेच झाले. हॉटेलऐवजी स्वयंपाकघर असलेले घर भाड्याने घेतले गेले. आजींनी पीठ, डाळी आणि पाणी गाळण्याचे फडके सोबत घेतले. चातुर्मास लागण्याआधी परतायचे, हेही ठरले. सत्तरी ओलांडलेले अण्णा, आजी, मुलगा, सून आणि बारा वर्षांची नात अशी पाच माणसे. आठ दिवसांपैकी एक दिवस त्यांनी देशाच्या दक्षिणेकडील डोंगरी वाटांवरून जीपने फिरण्यासाठी राखून ठेवला होता. घरी परतल्यावर या कुटुंबात सर्वाधिक बोलणे झाले ते त्याच दिवसाविषयी.

पोर्तुगालच्या त्या दक्षिण प्रांताचे नाव अल्गार्व्ह. 'पश्चिम' या अर्थाच्या अरबी 'अल्-घर्ब' शब्दावरून ते आले. आठव्या शतकापासून तेराव्या शतकाच्या मध्यापर्यंत हा मुलूख मुस्लिम राज्यकर्त्यांकडे होता. १२४९ साली फारो हे शहर पोर्तुगालच्या राजाने घेतले. आज येथे येणारे बहुतेक पर्यटक समुद्रकिनाऱ्यावरच रमतात. किनारा सोडून उत्तरेकडे निघाले, तर तासाभरात प्रदेश दोनदा पालटतो. प्रथम 'बारोकाल' हा चुनखडीचा पट्टा लागतो. तेथे बदाम, अंजीर, ऑलिव्ह आणि कॅरोब यांच्या कोरडवाहू बागा आहेत. त्यापलीकडे 'सेरा', म्हणजे डोंगर सुरू होतो. तेथील दगड पापुद्र्यांचा, माती पातळ आणि पाणी दुर्मीळ. 'सेरा दु काल्दैराव' ही डोंगररांग सहाशे मीटरही उंच नाही. सह्याद्री पाहिलेल्या डोळ्यांना ती टेकड्यांची दाटी वाटते. परंतु एकामागून एक येणाऱ्या त्या गोल टेकड्यांत वाट चुकणे फार सोपे आहे, म्हणून वाटाड्या हवाच.

सकाळी नऊला जीप दारात आली. चालक तोच वाटाड्या; वय चाळिशीचे, जन्म त्याच डोंगरातला. जाहिरातीत 'ऑफ-रोड' असा शब्द होता आणि तो आजींच्या मनात रात्रभर सलत होता. रस्ता सोडून गाडी गवतात घालणार असतील, तर चाकाखाली किती जीव सापडतील, याची गणती कोण ठेवणार? मुनी चार हात जमीन निरखून पाऊल टाकतात, आणि श्रावकाने मात्र मौजेसाठी रान तुडवावे, हे त्यांना पटत नव्हते. त्यांनी नातीकरवी तसे विचारले. वाटाड्याने सांगितले, की डांबरी रस्ता सुटतो हे खरे, पण गाडी चालते ती जुन्या कच्च्या गाडीवाटांवरूनच. वाटेबाहेर चाक घालायचे नाही, हा त्याचा नियम होता, आणि त्याचे कारण आगीचे होते. उन्हाळ्यात वाळलेल्या गवतावर तापलेल्या गाडीचा तळ घासला तरी वणवा पेटू शकतो. धोक्याच्या दिवसांत तर रानातील वाटा बंदच ठेवल्या जातात. कारण निराळे होते, पण मर्यादा तीच निघाली. आजींनी णमोकार मंत्र म्हटला आणि गाडी सुटली.

नातीला वेगळाच शोध लागला होता. वाटाड्याने किल्ली दाखवून 'शाव्ह' म्हटले आणि तिला 'चावी' ऐकू आली. त्यानंतर शब्दांचा खेळच सुरू झाला. पाव, बटाटा, अननस, काजू, पगार असे कितीतरी शब्द पोर्तुगीजांबरोबर कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर उतरले आणि मराठीत घरचे झाले. 'पगार' ऐकून वाटाड्या हसला. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ 'पैसे देणे' असा होतो. अण्णांनी लगेच म्हटले, "शब्द तोच आहे, बाजू बदलली. ते देण्याचे बोलतात, आपण घेण्याचे."

लोले शहर मागे टाकून गाडी सालीरच्या दिशेने वर चढू लागली, तेव्हा एका कॅरोबच्या झाडाखाली पहिला थांबा झाला. गडद पानांचे, रुंद सावलीचे हे झाड. त्याला चिंचेसारख्या चपट्या शेंगा लागतात, पिकल्यावर त्या काळपट तपकिरी होतात. शेंगेचा गर गोड असतो, त्याची भुकटी कोकोच्या जागी वापरतात. बियांपासून निघणारा डिंक आइस्क्रीमला दाटपणा आणण्याच्या कामी येतो; वेष्टनावर ४१० हा क्रमांक असेल, तर तो हाच वनस्पतिजन्य डिंक. मात्र अण्णा थबकले ते दुसऱ्याच गोष्टीवर. हिऱ्यामोत्यांच्या तोलाचा 'कॅरट' हा शब्द या बीवरून आला आहे. ग्रीकांनी तिला दिलेले नाव अरबीतून फिरत युरोपच्या पेढ्यांवर पोहोचले. आपल्याकडे सराफ गुंज वापरत, तसे भूमध्य समुद्राकाठचे व्यापारी ही बी वापरत. तिचे वजन नेहमी सारखेच भरते, असा जुना समज होता. प्रत्यक्षात इतर बियांप्रमाणे तीही कमीजास्त भरते. म्हणूनच १९०७ साली कॅरटचे माप २०० मिलिग्रॅम असे ठरवले गेले. अण्णांनी चार बिया तळहातावर घेतल्या, उजव्या हाताच्या दोन बोटांनी चाळवल्या आणि म्हणाले, "झाड प्रामाणिकच आहे. सारखेपणाचा आग्रह आपला."

पुढचा थांबा एका पांढऱ्या चुन्याच्या घरापाशी होता. अशा सहलींत पाहुण्यांसाठी तेथे फराळ मांडलेला असतो. लाकडी फळीवर एका बाजूला मेद्रोन्यूची दारू होती; या डोंगरात आपोआप वाढणाऱ्या झुडपाच्या लाल फळांपासून ती तांब्याच्या भट्टीत गाळतात. तिच्या शेजारी धुरावलेले मांस, मग रानफुलांचा मध, आणि शेवटी बदाम भरलेली सुकी अंजिरे. यजमाणीने मोठ्या आपुलकीने सगळे पुढे केले. सून आणि मुलगा एकमेकांकडे पाहू लागले. मद्य, मांस, मधु आणि पंच उदुंबर फळे यांचा त्याग हे श्रावकाचे आठ मूलगुण. आचार्य अमृतचंद्रांच्या 'पुरुषार्थसिद्ध्युपाय' ग्रंथात ते सांगितले आहेत. वड, पिंपळ, उंबर, पाकर यांच्याबरोबर अंजिराचीही गणना परंपरेने त्या पाचांत होते. पाठशाळेत पाठ केलेली यादी कोणीतरी नीट मांडून ठेवावी, तशी ती फळी दिसत होती.

नकार द्यायचा, पण घरच्या बाईचे मन दुखवायचे नाही, हे काम आजींनी हाती घेतले. त्यांनी दोन्ही हात जोडले, मग संत्री, सोललेले बदाम आणि मिठाचे खडे आपल्याकडे ओढून घेतले आणि त्याच पहाटे केलेल्या दशम्या व बिनलसणाची शेंगाचटणी उघडून फळीवर ठेवली. ऑलिव्हमध्ये लसूण ठेचून घालण्याची तेथे रीत आहे. 'सेम आल्यु', म्हणजे लसणाविना, हे दोन शब्द सुनेने आधीच पाठ करून ठेवले होते, ते कामी आले. बदामाच्या मिठायांत अंड्याचा बलक असतो, तोही विचारल्यावर कळला. यजमाणीने दशमीचा तुकडा ऑलिव्हच्या तेलात बुडवून खाल्ला आणि आणखी एक मागून घेतला.

वाटाड्याला मात्र मधाचे कोडे उलगडेना. दारू आणि मांस त्याला समजले; मधमाश्या तर कोणी मारीत नाही, मग मध का नको? आजी म्हणाल्या, "ती दुसऱ्याची साठवण आहे. त्यांनी आपल्या पोरांसाठी ठेवलेली आपण का उचलावी?" नातीने ते इंग्रजीत सांगितले. वाटाड्या थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "मग दुपारी मी तुम्हाला जे दाखवणार आहे, त्याविषयी तुम्ही काय म्हणाल, ते मला ऐकायचे आहे."

दुपारी जे दाखवले, ते बुचाचे झाड. पोर्तुगीजांचे 'सोब्रैरु'. ओक जातीचा हा सदाहरित वृक्ष दोनशे वर्षे जगू शकतो. त्याच्या बाहेरच्या जाड, हलक्या, आगीला सहजी दाद न देणाऱ्या सालीला आपण कॉर्क म्हणतो, आणि जगातील सुमारे निम्मे कॉर्क एकट्या पोर्तुगालमधून येते. या डोंगराच्या पायथ्याचे साव ब्राश द अल्पोर्तेल हे गाव एकोणिसाव्या शतकात या व्यापाराचे मोठे केंद्र होते. मेच्या अखेरीपासून ऑगस्टपर्यंत, झाडात रस खेळता असतो तेव्हाच, साल काढतात. त्या दिवशी उतारावर काम चालू होते. माणसे दोघादोघांनी एकेका झाडाला भिडलेली. हातात रुंद पात्याची कुऱ्हाड. तिच्या दांड्याचे टोक पाचरीसारखे तासलेले. पात्याने साल उभी चिरायची, पाते किंचित पिळून ती सुटते का पाहायचे, आणि सुटत असेल तर दांड्याचे टोक आत सरकवून सबंध पत्रा अलगद उचलायचा. सालीखाली जिवंत पातळ थर असतो. त्यालाच झाडाची आई म्हणतात. कुऱ्हाड त्या थरात गेली, तर तेथे पुन्हा चांगली साल येत नाही. म्हणून हे काम कोणाच्याही हाती देत नाहीत आणि त्याला शेतकामातील चांगली मजुरी मिळते. एका झाडाची साल सुटेना, तेव्हा कामगाराने दुसरा घाव घातला नाही. कुऱ्हाड खांद्यावर टाकून तो पुढच्या झाडाकडे गेला.

साल निघालेला बुंधा ओल्या गेरूसारखा तांबूस दिसत होता. जवळच्या इतर झाडांचे बुंधे तपकिरी, करडे, काळपट अशा वेगवेगळ्या छटांचे होते आणि प्रत्येकावर पांढऱ्या रंगाने एक आकडा लिहिलेला होता. साल काढलेल्या वर्षाचा तो शेवटचा अंक. ८ लिहिला असेल, तर २०१८ साली साल काढली. कायद्याप्रमाणे नऊ वर्षे पूर्ण झाल्याशिवाय, म्हणजे २०२७ च्या आत, त्या झाडाला हात लावता येत नाही. नात म्हणाली, "आजोबा, आपल्याकडे दोन्हीला एकच शब्द आहे. सालीचे साल!" अण्णा मात्र हिशेबात गढले होते. रोप लावल्यापासून पहिली साल निघायला सुमारे पंचवीस वर्षे लागतात. जमिनीपासून १ मीटर ३० सेंटिमीटर उंचीवर बुंध्याचा घेर ७० सेंटिमीटर भरल्याशिवाय कायदा परवानगी देत नाही. ती पहिली साल खडबडीत, फक्त भुगा करण्याजोगी. नऊ वर्षांनी दुसरी, तीही बुचाला चालत नाही. पुन्हा नऊ वर्षांनी तिसरी. तिच्यापासून खरी किंमत येते. "म्हणजे त्रेचाळीस वर्षे भांडवल अडकले," अण्णा म्हणाले. "लावणारा विकायला राहत नाही."

"ही टेकडी माझ्या आजोबांनी लावली," वाटाड्या म्हणाला. "त्यांनी यातली चांगली साल एकदाही विकली नाही."

आणि मग त्याने सकाळचा प्रश्न परत केला. मध ही माशीची साठवण असेल, तर साल ही झाडाची नाही का? नातीने तो आजीला सांगताना स्वतःचीही शंका जोडली, "आजी, झाडाला दुखत नसेल का?"

उत्तर लगेच आले नाही. जैन दर्शनात वृक्ष हा एकेंद्रिय जीव आहे. त्याला काहीच होत नाही, असे म्हणून सुटका करून घेता येत नाही. वाटाड्यानेही तसे म्हटले नाही. साल काढलेल्या उन्हाळ्यात झाड अशक्त होते, उन्हाला आणि आगीला उघडे पडते, हे त्याने स्वतःहून सांगितले. शेवटी अण्णांनी नातीला बस्तीतील चित्राची आठवण करून दिली. जांभळाच्या झाडापाशी आलेली सहा भुकेली माणसे. एकाला झाड मुळासकट उपटायचे आहे, दुसऱ्याला बुंधा तोडायचा आहे, तिसऱ्याला फांदी, चौथ्याला डहाळी हवी आहे, पाचवा पिकलेली फळे तेवढी तोडू पाहतो आणि सहावा खाली पडलेली वेचून घेतो. भूक सगळ्यांची सारखीच, लेश्या मात्र सहा. "ही माणसे सहाव्या पायरीवर नाहीत, बाळ," अण्णा म्हणाले. "आपणही नाही. गृहस्थाला सगळी हिंसा टाळता येत नाही. पण किती घ्यायचे आणि कुठे हात थांबवायचा, हे यांनी झाडावरच लिहून ठेवले आहे. आपल्या वहीत ते कुठे लिहिलेले असते?"

मुलगा हे ऐकत होता. त्याच्या मोबाइलमध्ये मिरज रस्त्यावरील नव्या गोदामाचा नकाशा होता. अण्णांच्या वडिलांनी लावलेल्या अकरा चिंचांपैकी नऊ त्या नकाशात येत नव्हत्या, आणि सहलीत एखादी निवांत वेळ पाहून अण्णांची संमती घ्यावी, असे त्याच्या मनात होते. त्याने वाटाड्याला विचारले ते व्यवहाराचेच. एवढे थांबण्यापेक्षा ही झाडे काढून निलगिरी का लावत नाहीत? ती तर दहा-बारा वर्षांत कागद कारखान्याला जाते. वाटाड्याने सांगितले, की स्वतःच्या जमिनीतलेही सोब्रैरु परवानगीशिवाय तोडता येत नाही. २०११ साली संसदेने त्याला राष्ट्रीय वृक्ष म्हणून घोषित केले आहे. मग त्याने गाडी आणखी वरच्या कड्यावर नेली. समोरच्या उतारावरील काही जुन्या बुंध्यांवर अजून काळेपणा होता. २०१२ च्या जुलैमध्ये तवीरा आणि साव ब्राश यांच्या डोंगरांत वणवा पेटला आणि वीस हजार हेक्टरांहून अधिक रान जळाले. अंगावर जाड साल असलेली कित्येक झाडे त्यातून पुन्हा पालवली. नुकती सोललेली बरीच वाचली नाहीत. गावांतून तरुण माणसे किनाऱ्याकडे गेली, गुरे कमी झाली, झाडांखालचे गवत-झुडूप साफ करणारे हात उरले नाहीत, आणि आग त्यामुळे अधिक पसरते. दावाग्नी लावणे श्रावकाला निषिद्ध कर्मादानांत मोजले आहे. रान सोडून दिल्यानेही तो लागतो, हे तेथे उभे राहून उमगत होते.

हे रान टिकते ते सालीला किंमत आहे म्हणून. आणि त्या किमतीचा सर्वांत मोठा वाटा वाइनच्या बाटल्यांच्या बुचांतून येतो. वाटाड्याने हे लपवले नाही. प्लॅस्टिकची बुचे आणि धातूची फिरकी झाकणे आली, तेव्हा या डोंगरात काळजी पसरली होती, असेही तो म्हणाला. ज्या वस्तूचा आपण पिढ्यान्‌पिढ्या त्याग केला, तिच्याच व्यापारावर हे जिवंत रान उभे आहे, हा पेच सहज सुटणारा नव्हता आणि कोणी तो सुटल्याचे सोंग आणले नाही. मात्र व्यापारी माणूस अशा वेळी दुसरे गिऱ्हाईक कोण, हे विचारतो. अण्णांनीही तेच विचारले.

त्याचे उत्तर साव ब्राशच्या एका दुकानात मिळाले. बुचे पाडून उरलेल्या तुकड्यांचा भुगा करून त्याच्या फरश्या, फलक आणि भिंतींचे उष्णतारोधक पत्रे करतात; काळ्या रंगाचा एक पत्रा तर गोंद न घालता केवळ वाफेने, सालीतल्याच चिकट द्रव्याने घट्ट होतो. याशिवाय सालीचे कागदासारखे पातळ काप कापडावर चिकटवून त्यांचे पट्टे, पाकिटे आणि हातपिशव्या शिवतात. हाताला ते मऊ चामड्यासारखे लागतात. देवदर्शनाला जाताना कातडी पट्टा आणि पाकीट बाहेर काढून ठेवणाऱ्या समाजाला याचे मोल सांगावे लागत नाही. आजींनी प्रत्येक वस्तू उलटून पाहिली. पाठीला सुती कापड आहे की कृत्रिम, कडेला कुठे खरे कातडे लावले आहे का, गोंद कशाचा, असे त्यांचे प्रश्न होते. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे दुकानदारिणीने दिली. गोंदाविषयी कारखान्याला विचारून कळवते, असे म्हणाली. म्हणून पट्टा घेतला नाही, पत्ता घेतला. मुलाने घाऊक दर आणि किमान मागणी किती, हेही टिपून ठेवले.

जूनमध्ये तेथे सूर्य रात्री पावणेनऊच्या सुमारास मावळतो. साडेसातला मूगडाळीची खिचडी शिजली आणि दिवसाउजेडी, घाई न करता जेवणे झाली. जेवणानंतर मुलाने मोबाइल अण्णांपुढे ठेवला आणि गोदामाचा नकाशा उघडला. अण्णांनी तो बोटांनी मोठा करून पाहिला, चिंचा कुठे येतात ते विचारले आणि काही बोलले नाहीत. मुलगाच म्हणाला, "अण्णा, पूर्वेची भिंत वीस फूट आत घेतली, तर सहा झाडे वाचतात. पोत्यांची जागा तेवढी कमी होते."

"किती पोती?"

मुलाने आकडा सांगितला. अण्णांनी नातीकडून वहीचा कागद मागून घेतला, वर्षाच्या भाड्याचा हिशेब मांडला आणि फरक काढला. रक्कम लहान नव्हती. त्यांनी तिच्याखाली रेघ ओढली, चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, "उरलेल्या तिघींचेही बघ. छप्पर उंच करून काही जमते का, ते इंजिनिअरला विचार. खर्च सांग, मग आपण ठरवू."